नर्सिंगचं लायसन्स अन् परीक्षेची धास्ती: लेकींनी तयारी कशी करावी?

चकलांबा (ता. गेवराई) : नर्सिंगचा निकाल लागला की लायसन्स मिळालं, असं अनेक घरांत समजतात. तसं नसतं. जीएनएमची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, तर बी.एस्सी. नर्सिंगची नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडं नोंदणी करावी लागते. ही नोंदणी म्हणजेच लायसन्स. त्यासाठी आपल्याकडं वेगळा पेपर नाही. ‘लायसन्सची परीक्षा पास करून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका.

खरी धास्ती असते ती पुढच्या नोकरीच्या पेपरची. आई-बापानं ऊसतोडीच्या उचलीतून फी भरलेली असते. नापास झालो तर काय, हा विचार पुस्तकापेक्षा जड होतो. पण पेपर कसा चालतो हे नीट कळलं, की निम्मी भीती तिथंच उतरते.

‘एम्स’च्या भरतीसाठी नॉरसेट परीक्षा असते. जीएनएमवाल्यांना किमान 50 खाटांच्या दवाखान्यातला 2 वर्षांचा अनुभव लागतो. अलीकडच्या पद्धतीत पूर्वपरीक्षेला 100 प्रश्न अन् 90 मिनिटं असतात. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणजे तीन चुकांना एक गुण गेला. काहीच माहीत नसेल तर प्रश्न सोडा. चारपैकी दोन पर्याय नक्की चुकीचे वाटले, तर उरलेल्यातला एक निवडायला हरकत नाही.

अमेरिकेत नर्स व्हायचं असेल, तर एनक्लेक्स ही खरोखरच लायसन्सची परीक्षा आहे. तिथं 85 ते 150 प्रश्न अन् 5 तास असतात. उत्तरं बरोबर येत गेली की कॉम्प्युटर अवघड प्रश्न टाकतो. त्यामुळं पेपर अवघड वाटला म्हणून हातपाय गाळू नका. नापास झालं तरी 45 दिवसांनी परत बसता येतं.

अभ्यास करताना नुसतं वाचत बसू नका. धडा वाचून पुस्तक मिटा, आठवेल ते लिहा, मग चुका तपासा. हिशोब रोज करा. उदाहरणार्थ, 500 मिली सलाईन 4 तासांत द्यायचं अन् 15 थेंबांचा 1 मिली धरला, तर मिनिटाला साधारण 31 थेंब पडले पाहिजेत. पेपर कॉम्प्युटरवर असतो अन् आपल्या पोरींचा हात मोबाईलवर बसलेला. म्हणून घड्याळ लावून दोन-चार सराव पेपर माऊसवर सोडवा.

पेपरला छातीत धडधड, तळहाताला घाम, हे शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढल्यानं होतं. तो आजार नव्हे. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. असं पाच-सहा वेळा करा. घाबरलेल्या पेशंटला सिस्टर हेच सांगते. आदल्या रात्री जागरण नको. सेंटर लांब असेल, तर सकाळच्या एसटीच्या भरवशावर न राहता आदल्या दिवशीच पोहोचा. ओळखपत्र अन् प्रवेशपत्र रात्रीच पिशवीत ठेवा.

घरच्यांनीही एक करावं. लेक पेपर देऊन आली, की ‘किती मार्क पडतील?’ म्हणून मागं लागू नका. आधी जेवायला वाढा.