पन्हळीचा बंदोबस्त

कोकणातल्या जुन्या घराकडे पावसाळ्यात लक्षपूर्वक पाहिले, तर त्या घराला पन्हळ अशी फार थोडी असल्याचे ध्यानात येते. छपराची उतरण भिंतीच्या बरीच पुढे काढलेली, तिच्याखाली पडवी, आणि जोते जांभ्याच्या चिऱ्यांचे व चांगले उंच. अशा रचनेत पागोळ्या भिंतीपासून इतक्या अंतरावर पडत की, त्यांना अडवून अन्यत्र नेण्याचे प्रयोजन क्वचितच उद्भवे. दोन छपरे जिथे कोनात मिळतात तिथे आणि येण्याजाण्याच्या दारावर मात्र पन्हळ लागे. पण दारापुरते पोफळीचे खोड उभे चिरून, आतला गाभा काढून दोऱ्यांनी वाशांना बांधले की काम भागत असे. पुढे वळचण आखूड झाली, पडवी गेली, गिलावा केलेली भिंत उघडी पडली, आणि जे काम पूर्वी सबंध घराची ठेवण करीत होती ते एकट्या पत्र्याच्या वा पीव्हीसीच्या पन्हळीवर येऊन पडले. या नव्या जबाबदारीच्या मानाने तिची निगा मात्र कोणी राखीत नाही, ही आपल्या घरबांधणीतली एक चमत्कारिक हयगय आहे.

ही जबाबदारी केवढी, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. ताशी १०० मिलिमीटर वेगाची जोरदार सर ५० चौरस मीटरांच्या उतरणीवर कोसळली, तर त्या उतरणीच्या पन्हळीने दर मिनिटाला ८३ लिटर, म्हणजे पाच-सहा बादल्या पाणी वाहून न्यावे लागते. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या हिशेबाने तेवढ्याच उतरणीवर एका दिवसात ४७ हजार लिटरांहून अधिक पाणी उतरले असणार. पन्हळीची रुंदी आणि तिच्या तोंडाशी जोडलेल्या नळाचा व्यास वर्षाच्या एकूण पावसावरून ठरवायचा नसून अशा सरीच्या वेगावरून ठरवायचा असतो, हे घर बांधताना मक्तेदारास स्पष्ट बजावून सांगावे.

उतार हा यातला दुसरा मुद्दा. दहा फुटांस अर्धा-पाऊण इंच इतका उतार पुरेसा होतो. तो डोळ्यांस जाणवत नाही, म्हणूनच तो नाहीसा झाल्याचेही कोणाच्या लक्षात येत नाही. आकडे दोन-अडीच फुटांवर नसून चार-चार फुटांवर मारलेले असले, की दोन आकड्यांमधला भाग भाराने खाली बसतो, तिथे पाणी साचते, साचलेल्या पाण्यात गाळ बसतो आणि गाळाच्या भाराने तो भाग अधिकच वाकतो. पन्हळीची बाहेरची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा किंचित खाली असावी, म्हणजे कधीकाळी ती भरून वाहिलीच तर पाणी अंगणात पडेल, भिंतीवर येणार नाही. शेवटच्या कौलाची कड दोनेक इंच पन्हळीत आलेली असावी. ती अधिक पुढे आली तर जोराच्या सरीत पाणी पन्हळ ओलांडून जाते, मागे राहिली तर ते उलट वळून वाशांची टोके कुजविते.

वैशाखात शिडी लावून अशा एखाद्या पन्हळीत डोकवावे. वर आंब्याची वाळलेली पाने, त्यांच्याखाली मोहोराची भुकटी, कौलांवरून धुऊन आलेली तांबडी माती, आणि तळाशी काळा, चिकट, बोटभर जाडीचा थर. त्या थरात पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेल्या बीजाचे पिंपळाचे रोप, तीन-चार तकतकीत पाने घेऊन, जणू मिळकतीचा वारसदार असल्यासारखे ठाण मांडून बसलेले असते. ते उपटताना जपावे, कारण त्याची मुळे बहुधा पत्र्याच्या सांध्यात शिरलेली असतात. गाळ खुरपीने न काढता लाकडी पट्टीने वा हाताने काढावा. खुरप्याच्या एका ओरखड्याने पत्र्यावरचे जस्त निघते, आणि समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तेवढ्या जागेला गंज धरण्यास एक पावसाळा पुरतो. मग वरच्या टोकास घागरभर पाणी ओतून ते कुठे थबकते, कोणत्या सांध्यातून ठिबकते, हे खालून पाहावे. पत्र्याचा सांधा झाळून घ्यावा; केवळ डांबर फासणे ही एका हंगामाची तजवीज होय.

ही सफाई मृगापूर्वी एकदा झाली की वर्षाची निश्चिंती झाली, असा समज आहे; तो खरा नव्हे. वळवाच्या वादळी पावसाने पाचोळ्याचा नवा भरणा होतो, म्हणून त्यानंतर एकदा, आणि श्रावणात उघडीप मिळाल्यावर पुन्हा एकदा पाहणे अगत्याचे आहे. साचून राहिलेल्या पाण्यात डेंग्यू फैलावणाऱ्या एडिस डासाची पैदास आठ-दहा दिवसांत पुरी होते, आणि पन्हळीसारखी नजरेआड जागा त्याला विशेष मानवते.

पन्हळीवर बसविण्याच्या जाळ्यांचा हल्ली बराच बोलबाला आहे. आंबा, फणस, साग यांच्या रुंद पानांना जाळी अडविते, यात शंका नाही. परंतु सुरूच्या सुया, मोहोर आणि माती यांना ती अडवू शकत नाही, आणि वर अडकलेली पाने काढण्यास शिडी चढावीच लागते. जाळीवर खर्च करायचाच असेल, तर नळाच्या तोंडाशी कांद्याच्या आकाराची तारेची जाळी बसवावी आणि उरलेला पैसा आकड्यांवर घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मंगलोरी कौलांच्या छपरात, आणि ही कौले १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरास कारखाना काढला तेव्हापासून आपल्याकडे पसरत गेली, सर्वांत दगाबाज जागा म्हणजे दोन उतरणींच्या मधली पन्हळ. तिथला पत्रा दोन्ही बाजूंनी कौलांखाली चांगला आत गेलेला हवा. गवंडी फटी सिमेंटने बुजवितात, ते सिमेंट तडकते, त्याचे तुकडे पन्हळीतच पडून तुंबारा करतात, आणि गळतीचे खापर कौलांवर फुटते.

नळातून उतरलेले पाणी जोत्याच्या मुळाशी सोडणे म्हणजे सगळी मेहनत वाया घालविणे होय. देशावरच्या काळ्या मातीत तर ते अधिकच घातक, कारण ती माती भिजली की फुगते, सुकली की आकसते, आणि तिच्याबरोबर पाया हलून भिंतींना तडे जातात. पाणी चार-पाच फूट दूर, फरशीवरून वा चरातून न्यावे. मात्र ते शेजाऱ्याच्या हद्दीत सोडू नये. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यान्वये उघड, निर्वेध आणि हक्क म्हणून चालविलेल्या वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने असा अधिकार मिळू शकतो, आणि शहाणा शेजारी त्या मुदतीआधीच तक्रार घेऊन दारात उभा राहतो.

शिडीचा पाय भिंतीपासून तिच्या उंचीच्या चौथाईइतका दूर ठेवावा, खाली धरण्यास कोणी असल्याखेरीज चढू नये, आणि विजेची तार जवळून गेलेली असेल तर ॲल्युमिनियमची शिडी वापरूच नये. भर पावसात पन्हळ तुंबलेली दिसली तरी ओल्या कौलांवर पाय देऊ नये. उघडीप होईपर्यंत पाणी वाहील तिकडे वाहू द्यावे.