पडद्यावरील प्रलय आणि पृथ्वीचे रक्षण

पृथ्वीवर महान संकट कोसळत आहे, घटका भरत आली आहे आणि मूठभर धाडसी माणसे प्राण तळहातावर घेऊन तिला वाचविण्यास निघाली आहेत, अशा कथानकाचे चित्रपट लहानथोरांस सारखेच आवडतात. १९९८ साली अमेरिकेत असे दोन चित्रपट थोड्याच अंतराने प्रदर्शित झाले. 'डीप इम्पॅक्ट' या चित्रपटात एका शाळकरी मुलास दुर्बिणीतून एक धूमकेतू प्रथम दिसतो. 'आर्मागेडॉन'मध्ये टेक्सास प्रांताएवढा एक लघुग्रह पृथ्वीवर आदळण्यास अवघे १८ दिवस उरलेले असतात. तेलविहिरी खोदणारे कसबी लोक यानातून त्याच्यावर उतरतात, ८०० फूट खोल छिद्र पाडतात आणि अणुबाँबने त्याची दोन शकले उडवितात. करमणूक म्हणून हे सारे मोठे बहारीचे आहे. परंतु चित्रपटगृहाबाहेर पडल्यावर जिज्ञासू विद्यार्थ्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहिले पाहिजेत. असे संकट खरोखर येऊ शकते काय? आणि आलेच, तर ते अशा रीतीने टळेल काय? या दोन प्रश्नांचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी फार दूर जावयास नको. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ज्या विवरात साठले आहे, ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने कठीण बेसाल्ट खडकात पडले. आपल्या मध्य प्रदेशातही शिवपुरी जिल्ह्यात ढाला येथे सुमारे ११ किलोमीटर व्यासाचे अतिप्राचीन आघातविवर आहे. नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्याच्या परिसरात, डायनोसॉरांची ९२ घरटी व त्यांतील २५६ अश्मीभूत अंडी सापडल्याचे संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झाले. या महाकाय प्राण्यांचा वंश सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लयास गेला. त्या सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यालगत सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला होता, आणि हेच त्या संहाराचे मुख्य कारण असावे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. दख्खनच्या ज्वालामुखींचाही त्यात वाटा असावा, असे काहींचे मत आहे. अगदी अलीकडे, १५ फेब्रुवारी २०१३ रोजी, रशियातील चेल्याबिन्स्क शहराच्या आकाशात सुमारे २० मीटर व्यासाचा पाषाण फुटला. लखलखाट पाहून लोक खिडक्यांशी धावले. मागाहून आलेल्या हवेच्या लोटाने तावदाने फुटली आणि सुमारे १,५०० माणसे जखमी झाली. तात्पर्य, संकट काल्पनिक नव्हे.

आता दुसरा प्रश्न. टेक्सास प्रांताची लांबी सुमारे १,२०० किलोमीटर आहे. सर्व ज्ञात लघुग्रहांत मोठा जो सेरेस, त्याचा व्यासही सुमारे ९४० किलोमीटरच भरतो, आणि तो तर १ जानेवारी १८०१ रोजीच पियाझी या इटालियन ज्योतिर्विदास दुर्बिणीतून दिसला होता. त्याहून मोठा गोळा केवळ १८ दिवस आधी दृष्टीस पडावा, हे संभवत नाही. आणि ८०० फुटांचे छिद्र ते केवढे? हा लघुग्रह नागपुरी संत्र्याएवढा मानला, तर ते छिद्र कागदाच्या जाडीपेक्षाही उथळ ठरेल. एवढ्याशा ओरखड्यातून संत्र्याची दोन शकले कशी व्हावीत?

मग खरा उपाय कोणता? येथे थोडे गणित करू. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदास सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते आणि तिचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर आहे. म्हणजे स्वतःच्या व्यासाएवढे अंतर ती सुमारे सात मिनिटांत ओलांडते. सबब, तिच्या वाटेवर येणाऱ्या पाषाणास सात-आठ मिनिटे उशीर झाला, तर तो येईपर्यंत पृथ्वी पुढे निघून गेलेली असेल! त्याचे तुकडे करण्याचे कारणच नाही. वेळीच थोडासा धक्का दिला की पुरे. दहा वर्षे आधी त्याच्या वेगात सेकंदास केवळ २ सेंटिमीटरांचा फरक पाडला, तर साध्या गुणाकारानेही तो सुमारे ६,३०० किलोमीटर सरकतो. म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका. हेच काम १८ दिवसांत करावयाचे म्हटले, तर धक्का सुमारे दोनशे पट मोठा हवा. पृथ्वीरक्षणाचे खरे शस्त्र बाँब नव्हे, तर हाती असलेला काळ होय.

हा नुसता कागदी हिशेब नाही. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने 'डार्ट' नावाचे यान डिमॉर्फस या सुमारे दीडशे मीटर व्यासाच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळविले. आपल्याकडे तेव्हा २७ सप्टेंबर २०२२ ची पहाट होती. हा लघुग्रह डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. धडकेनंतर तो काळ सुमारे ३२ मिनिटांनी घटला. या जोडीपासून पृथ्वीस काहीच भय नव्हते. ती केवळ रंगीत तालीम होती, आणि ती यशस्वी झाली. मानवाने एका खगोलाचा मार्ग बुद्ध्या बदलल्याचे इतिहासातील हे पहिलेच उदाहरण.

परंतु आधी संकट दिसले पाहिजे, तरच धक्का वेळेवर देता येईल. म्हणून जगातील अनेक दुर्बिणी रात्रंदिवस आकाश धुंडाळीत असतात. डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेला '२०२४ वायआर४' हा लघुग्रह २०३२ साली आदळण्याचा संभव एके वेळी सुमारे ३ टक्के दिसत होता. अधिक वेध घेताच पृथ्वीपुरती ती भीती मावळली. कोल्हापुरात जन्मलेले आपले थोर खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी 'धूमकेतू' या विज्ञानकथेत पृथ्वीवर येणाऱ्या धूमकेतूचा शोध एका हौशी आकाशनिरीक्षकाकडून लावविला आहे. हे कथेतच घडते असे नव्हे. २०२० साली सुरतेच्या दोन शाळकरी मुलींनी दुर्बिणीची छायाचित्रे तपासून एक नवा लघुग्रह हुडकून काढला.

आता एकच गोष्ट सांगावयाची राहिली. संकट दिसणे आणि त्याची सूचना ऐकली जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आम्हा भोपाळवासीयांस वेगळे शिकवावे लागत नाही. येथील युनियन कार्बाइडचा कारखाना शहरास धोकादायक आहे, असे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ सालीच आपल्या हिंदी साप्ताहिकातून बजावले होते. कोणी कान दिला नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू शहरभर पसरला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. तेथे धूमकेतू नव्हता, गूढ गणितही नव्हते. सूचना हाती होती आणि काळही हाती होता.

१३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस नावाचा सुमारे ३४० मीटर व्यासाचा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरांवरून जाणार आहे. तो आदळणार नाही, हे शास्त्रज्ञ आजच निश्चयाने सांगतात, कारण त्यांनी त्याच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेविली आहे. विद्यार्थी मित्रहो, चित्रपटातील वीरांचे कौतुक आपण अवश्य करावे. पण रात्र रात्र जागून आकाशाचे वेध घेणारा आणि धोका दिसताच निर्भयपणे बोलणारा मनुष्यही वीरच होय, हे विसरू नये. आणि असा मनुष्य बोलू लागला म्हणजे त्याचे म्हणणे ऐकून, पडताळून पाहणे हे तुम्हाआम्हा सर्वांचे कर्तव्य आहे.