गव्हाशी तह

माझ्या भाचीला सीलिअ‍ॅक आहे. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं, की तिची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडते. म्हणून घरात भाकरी, आणि हिंगाची डबीसुद्धा वाचून घ्यायची. त्यात बहुतेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं!

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे स्टीफन मिलर यांनी यावर वेगळी युक्ती काढली. ग्लुटेनमधलं ग्लायडिन त्यांनी पीएलजीएच्या अतिसूक्ष्म कणांत दडवलं. (विरघळणारे टाके याच जातीच्या पदार्थाचे.) शिरेतून दिलेले हे कण प्लीहा आणि यकृतातल्या सफाई-पेशी मेलेल्या पेशींचा कचरा समजून गिळतात. आपल्याच कचऱ्यावर शरीर चिडत नाही. त्याच ओघात ग्लायडिनही खपून जातं. स्टेरॉइडसारखी सगळीच प्रतिकारशक्ती दाबली जात नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना 14 दिवस ग्लुटेन दिलं. कण घेतलेल्यांत ग्लुटेनविरोधी पेशींची उसळी 88 टक्क्यांनी कमी भरली. रुग्ण मात्र जेमतेम 33, त्यामुळे हुरळून जाऊ नये.

तुम्हाला सीलिअ‍ॅकची शंका असेल, तर आधी रक्ततपासणी करा, मगच गहू सोडा. आधीच सोडलात, तर तपासणी फसवते.