हात न उचलता लिहिणं

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातल्या माडिया आदिवासी मुलावर पहिलीतच बरंच काही एकदम येऊन पडतं. घरी माडिया, वर्गात मराठी, शिवाय २००० सालापासून राज्यभर पहिलीपासूनच इंग्रजी. अशा मुलाच्या हाती कर्सिव्हची, म्हणजे इंग्रजी अक्षरं जोडून लिहिण्याची, चाररेघी वही कधी द्यावी? कर्सिव्ह जरूर शिकवावं, पण देवनागरीत हात वाहता झाल्यावर, असं माझं ठाम मत आहे.

मराठीचं आपलं कर्सिव्ह

जोडून लिहिणं आपल्याला परकं नाही. शतकानुशतकं मराठी कारभार मोडी लिपीत चालला. पेशवे दप्तरातले बहुतेक कागद मोडीतच आहेत. आधी पानावर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचं. पोथ्यांना बाळबोध म्हणजे देवनागरी, रोजच्या व्यवहाराला मोडी, अशी वाटणी होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवली जाई. या वेगाची किंमतही होती: ऱ्हस्व-दीर्घ पाळलं जात नसे, शब्द सुटे होत नसत, म्हणून आज ते कागद वाचायला जाणकार लागतो. जलद लिहिताना ते दुसऱ्याला वाचता येईल ना, हे मुलांना सुरुवातीपासून सांगायला हवं.

गिरवणं पुरत नाही

अमेरिकेत कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ मध्ये अजून वाचू न लागलेल्या, पाचेक वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. मुलांनी काही अक्षरं पाहून हातानं काढली, काही गिरवली, काही कळफलकावर दाबली. नंतर ती अक्षरं पाहताना त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा वाचनाशी निगडित भाग हातानं काढलेल्या अक्षरांनाच खऱ्या अर्थानं प्रतिसाद देत होता. गिरवण्यानं तो परिणाम साधला नाही. आपल्याकडे कित्त्यावर फार भर असतो, म्हणून हे शिक्षकांनी मनावर घ्यावं. चार-दोनदा गिरवून झालं की कित्ता मिटावा आणि अक्षर मुलाला स्वतः काढू द्यावं. वेडंवाकडं आलं तरी चालेल. मात्र जोडलेलं अक्षर सुट्या अक्षरापेक्षा सरस, असं या प्रयोगातून सिद्ध होत नाही.

क्रम कसा असावा

भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला आणि १९७६ मध्ये तिथे शाळा उभी राहिली. तेव्हापासून या भागातली मुलं अनोळखी भाषेतून अक्षरओळख करून घेत आली आहेत. माडिया शब्द देवनागरीत लिहिता येतात. पहिली अक्षरं त्याच शब्दांतून आली, तर मुलाला आवाज आधीच ठाऊक असतो आणि शिकायचा उरतो तो फक्त आकार.

दुसरी-तिसरीत एक साधी सवय लावावी. दर अक्षरावर वेगळी शिरोरेघ न देता पूर्ण शब्द लिहून वर एकच रेघ ओढायची. हात कमी वेळा उचलला जातो आणि शब्दही नीट सुटे राहतात.

इंग्रजी आधी सुटंच लिहावं, कारण पुस्तकात ते तसंच छापलेलं असतं. कर्सिव्ह चौथी-पाचवीत यावं. तेव्हाही बी आणि डी यांत गोंधळणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग होऊ शकतो, कारण जोडून लिहिताना दोन्हींची सुरुवात वेगळी होते. सुंदर अक्षराला जादा गुण मात्र नकोत. डावखुऱ्या मुलाचा हात बदलायला लावणं तर पूर्ण बंद व्हावं.

वेग कुठे लागतो

दहावीचा भाषेचा पेपर तीन तासांत हातानंच लिहायचा असतो. पण या जिल्ह्यात भरभर लिहिता येण्याचं त्याहून मोठं कारण आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं दावे मागवण्याचा आणि तपासण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ठराव कोणी मांडला, काय ठरलं, हे रजिस्टरात नीट उतरलं नाही तर पुढे दाव्याला आधार राहत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा दिवसांतही नोंद करायला वही आणि पेन हाताशी असतात.

म्हणून सातवी-आठवीच्या मुलांना वर्षातून एक-दोनदा ग्रामसभेत बसवावं. माडियात चाललेली चर्चा त्यांनी ऐकता ऐकता मराठीत टिपावी, दुसऱ्या दिवशी वर्गात एकमेकांच्या वह्या वाचाव्यात, आणि जे वाचता येत नाही ते तिथेच पुन्हा लिहावं.