पाय आपटू नका, ठेवा

आलापल्लीच्या सागाच्या जंगलाला लागून आमची वस्ती. तिथं आम्ही काही बायकांनी रेला नृत्याच्या पावलांवर सकाळचा व्यायाम सुरू केला. पंधरवड्यातच माझा गुडघा दुखू लागला. वाटलं, वय झालं. पण एका माडिया आजीनं माझी पावलं पाहिली आणि ती म्हणाली, "बाई, पाय आपटू नको, ठेव."

कारण सोपं आहे. पावलात 26 हाडं असतात आणि त्यांची कमान स्प्रिंगसारखी दबते. गुडघा ताठ ठेवून टाच आपटली, तर हादरा थेट वर जातो. रेला नाचतात तो मातीच्या अंगणात. आम्ही नाचत होतो सिमेंटच्या ओट्यावर!

म्हणून नाचताना गुडघा किंचित वाकवा. आधी चवडा टेकवा, मग टाच अलगद. पाऊल स्थिरावल्यावरच भार द्या. चालताना मात्र उलट: आधी टाच, मग चवडा, शेवटी अंगठ्याचा रेटा. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील, तर अनवाणी नाचू नका.

रेल्यात हात एकमेकींत गुंफलेले असतात. एकीचं पाऊल चुकलं की शेजारणीला लगेच कळतं. आम्ही आता ओटा सोडून अंगणात उतरलो आहोत. माझा गुडघाही तक्रार करत नाही.