वृद्धनिवासाची निवड : आधी हिशेब, मग सही

आई-वडिलांना घराबाहेर ठेवण्याचा विचार आपल्याकडे अनेकांना रुचत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु एक मुलगा दुबईत, दुसरा पुण्यात, मुलगी सासरी आणि ऐंशीच्या घरातली आई महाडच्या किंवा रत्नागिरीच्या घरात एकटी, अशी कुटुंबे आज गावोगाव आहेत. शेजाऱ्यांच्या भरवशावर दिवस निघतो, रात्र निघत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ४० लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. वृद्धांची सोय हा त्यामुळे एक मोठा व्यवसाय झाला आहे. व्यवसाय म्हटला की जाहिरात आली, अनामत आली आणि करारनामाही आला. आयुष्यभराची शिल्लक येथे गुंतते आणि चूक झाली तर ती सुधारण्याचे वय राहिलेले नसते. म्हणून या व्यवहाराकडे भावनेइतकेच हिशेबानेही पाहिले पाहिजे.

नाव एक, प्रकार चार

‘सीनियर लिव्हिंग’ या एकाच नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिला प्रकार साध्या वृद्धाश्रमाचा. ट्रस्ट तो चालवतो. राहणे व जेवण मिळते, पण राहणाऱ्याने स्वतःचे स्वतः करावे अशी अपेक्षा असते. राज्य शासनाची १९९५ ची मातोश्री वृद्धाश्रम योजना याच प्रकारातली.

दुसरा प्रकार निवृत्तांच्या वसाहतीचा. येथे फ्लॅट विकत घ्यावा लागतो आणि जेवण, साफसफाई व सुरक्षा यांसाठी दरमहा शुल्क द्यावे लागते.

तिसरा प्रकार सहाय्य मिळणाऱ्या निवासाचा, ज्याला ‘असिस्टेड लिव्हिंग’ म्हणतात. अंघोळ, कपडे बदलणे, औषधे वेळेवर देणे, चालताना आधार देणे ही कामे तेथील माणसे करतात.

चौथा प्रकार शुश्रूषा केंद्राचा. अंथरुणाला खिळलेले किंवा स्मृतिभ्रंश झालेले रुग्ण तेथे ठेवतात.

गरज तिसऱ्या प्रकाराची आणि पैसे भरले दुसऱ्या प्रकाराचे, ही सर्वांत जास्त घडणारी चूक आहे. म्हणून प्रथम घरच्या वृद्धाला कोणकोणत्या कामात मदत लागते याची यादी करावी. ती डॉक्टरांना दाखवावी आणि मगच चौकशीला निघावे.

मध्यम शहर : नाशिकचे उदाहरण

मुंबईतील जागेचे भाव पाहता अशा वसाहती मध्यम शहरांकडे वळल्या आहेत. नाशिकचेच उदाहरण घेऊ. मुंबईपासून सुमारे १७० आणि पुण्यापासून सुमारे २१० किलोमीटरवर हे शहर आहे. हवा बरी, जिल्हा रुग्णालय व खाजगी रुग्णालये शहरात, आणि मुलांना शनिवार-रविवारी येऊन जाता येईल इतके अंतर. या जमेच्या बाजू खऱ्या आहेत.

पण जाहिरातीत ‘नाशिक’ असे लिहिलेले असले तरी जागा शहरात असतेच असे नाही. त्र्यंबकेश्वर शहरापासून सुमारे ३० किलोमीटर, तर इगतपुरी सुमारे ४५ किलोमीटर दूर आहे. डोंगर आणि धुके छायाचित्रात सुंदर दिसतात. परंतु नाशिक शहराच्या मानाने या दोन्ही ठिकाणी पाऊस कितीतरी पटीने जास्त पडतो. ओल, निसरडी वाट आणि वरचेवर जाणारी वीज यांचा त्रास गुडघे दुखणाऱ्या किंवा दम्याच्या माणसाला आधी होतो. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की नाशिक रोड स्टेशन शहराच्या मध्यभागापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे.

आणखी एक गोष्ट खास नाशिकची. दर बारा वर्षांनी येथे सिंहस्थ भरतो. मागचा २०१५ मध्ये झाला, तर पुढच्याची मुख्य स्नाने २०२७ मध्ये आहेत. त्या दिवसांत अनेक रस्ते वाहनांना बंद असतात. तेव्हा रुग्णवाहिका कोणत्या वाटेने जाईल, हे व्यवस्थापकाला आताच विचारावे. ज्याने यावर विचार केलेला असेल तो लगेच उत्तर देईल.

इतर कोणत्याही शहरात हेच सूत्र लावावे. किलोमीटर मोजू नयेत. रात्री दोन वाजता अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पोहोचायला किती मिनिटे लागतील, ते मोजावे.

खर्चाचा खरा आकडा

माहितीपत्रकातील मासिक शुल्क हा खर्चाचा एक भाग असतो. समजा, अनामत ५ लाख रुपये, मासिक शुल्क २८ हजार रुपये आणि दरवर्षी ८ टक्के वाढ अशी बोली आहे. पहिल्या वर्षी ३ लाख ३६ हजार रुपये लागतील. पाच वाढींनंतर मासिक शुल्क ४१ हजारांच्या वर आणि दहा वाढींनंतर ६० हजारांच्या वर जाईल. पेन्शन किंवा दुकानाचे भाडे त्या वेगाने वाढते का, हे आजच पाहिले पाहिजे. पंचाहत्तराव्या वर्षी परवडणारी जागा पंच्याऐंशीव्या वर्षी सोडावी लागणे, यासारखी दुसरी परवड नाही.

अनामतीचे कलम शब्दन् शब्द वाचावे. दरवर्षी १० टक्के कपात असेल तर तीन वर्षांनी ५ लाखांतले साडेतीन लाखच परत मिळतील. रक्कम किती दिवसांत परत मिळणार? मृत्यू झाल्यास कोणाला मिळणार? पहिल्या दोन-तीन महिन्यांत मन रमले नाही तर कपात किती? ही तीनही उत्तरे करारात लेखी हवीत.

शुल्काबाहेर काय, याचीही यादी मागावी. स्वतंत्र मदतनीस, डायपर, फिजिओथेरपी, डॉक्टरांची फी, औषधे, रुग्णवाहिका, विजेचे बिल यांचा आकार बहुधा वेगळा असतो. जीएसटीचाही प्रश्न आहे. आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात, साठ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीकडून राहणे, जेवण व देखभाल मिळून महिना २५ हजार रुपयांपर्यंत घेतलेल्या रकमेवर २०१८ पासून हा कर नाही. खाजगी कंपनीला ही सूट नाही. म्हणून सांगितलेला दर करासह की कराशिवाय, हे विचारून घ्यावे.

कोणते कागद पाहावेत

चालवणारा कोण, हे प्रथम पाहावे. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, कंपनी असेल तर तिची नोंदणी व मागील हिशेब मागावेत. रुग्ण दाखल करून उपचार होत असतील तर १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील दाखला लागतो. स्वयंपाकघराला अन्न परवाना हवा. २००६ च्या राज्य अग्निसुरक्षा कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत सादर करावे लागते. सर्वांत अलीकडचे प्रमाणपत्र दाखवा म्हणावे.

फ्लॅट विकत घ्यायचा असेल तर प्रकल्पाची महारेराकडील नोंदणी तपासावी. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन या कायद्याने बिल्डरवर घातले आहे. ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेराने २०२४ मध्ये वेगळ्या अटी लागू केल्या. व्हीलचेअर जाईल असे किमान ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, रॅम्प, कठडे, न घसरणारी फरशी अशा त्या अटी आहेत. जाताना मोजपट्टी खिशात ठेवावी.

परंतु बिल्डर बांधून मोकळा होतो आणि सेवा दुसरीच कंपनी देते, असे पुष्कळदा असते. ती कंपनी निघून गेली तर जेवण कोण देणार आणि परिचारिका कोण आणणार? केंद्र सरकारच्या २०१९ च्या आदर्श मार्गदर्शक सूचनांत बिल्डर, सेवा देणारी कंपनी आणि घर घेणारा अशा तिघांचा करार सुचवलेला आहे. तसा करार नसेल तर फ्लॅट घेण्यात धोका आहे.

पाहणी कशी करावी

ठरवून दिलेल्या वेळी गेल्यास ठरवून मांडलेलेच दिसते. एकदा न कळवता जेवणाच्या वेळी जावे आणि एकदा रात्री आठनंतर जावे. रात्रपाळीला किती राहणाऱ्यांमागे किती माणसे असतात, हे मोजावे. बिछान्याजवळची घंटा दाबून कोणी किती वेळात येते ते पाहावे. मदतनीस वरचेवर बदलतात का, हे तेथे राहणाऱ्यांनाच विचारावे. कार्यालयापेक्षा ते खरे सांगतील.

आपल्या वाचकांनी आणखी काही गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्याव्यात. मांसाहार चालतो का, आणि चालत असल्यास हलाल मांसाची व वेगळ्या भांड्यांची सोय आहे का? वुजूसाठी बसण्याची जागा आणि धरायला कठडा आहे का? खुर्चीवर बसून नमाज पढता येईल अशी शांत खोली मिळेल का? रमजानमध्ये सहरीला जेवण मिळेल का? वृद्धाचे निधन झाल्यास नातेवाईक येईपर्यंत काय करायचे, दफन कोठे करायचे व कोणाला कळवायचे, हेही दाखल होतानाच लिहून द्यावे. विषय जड आहे, पण परदेशातील मुलाला ऐनवेळी याच कागदाचा आधार होतो.

मुलांनी आधी करायची कामे

मुखत्यारपत्र करून दिले की सर्व काळजी मिटली असे अनेकांना वाटते. पण १८७२ च्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मनःस्थिती ठीक राहिली नाही तर ते मुखत्यारपत्रच संपते. स्मृतिभ्रंशात नेमके हेच होते. म्हणून बँकेत संयुक्त खाते, नामनिर्देशन व कागदपत्रांची यादी ही कामे प्रकृती चांगली असतानाच उरकावीत.

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळते. हे कार्ड दाखल होण्यापूर्वी काढावे आणि शहरातील कोणती रुग्णालये योजनेत आहेत ते पाहावे.

आणि वृद्धांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. वृद्धनिवासात जाण्यापूर्वी राहते घर घाईने मुलांच्या नावावर करू नये. बक्षीसपत्र करायचेच असेल तर ‘आयुष्यभर सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे त्यात स्पष्ट लिहावे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ही अट मोडल्यास हस्तांतर रद्द करून मागता येते. मात्र अट असल्याचे दाखवता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तक्रार प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात करायची असते. तेच न्यायाधिकरण मुलांकडून महिना १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देववू शकते. सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. निवासाने सेवेत कसूर केली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

सही करण्यापूर्वी शक्यतो एक महिना पाहुणा म्हणून राहण्याची सवलत मागावी. तो महिना वृद्धाने एकट्याने राहून पाहावा आणि शेवटी त्याला मोकळेपणाने विचारावे. पैसे मुलगा भरत असला तरी तेथे राहायचे त्याच्या आईला आहे. तिचा नकार आला तर दुसरी जागा पाहावी.