दोन चिठ्ठ्या आणि ३३ कोटी घरं

समजा, महाराष्ट्राचा नकाशा स्क्रीनवर उघडलाय. गावागणिक एक ठिपका. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या वरवंडवर माऊस नेला की छोटीशी चौकट उमटते: वरवंड, तालुका दौंड, जिल्हा पुणे. माऊस सरकला की चौकट गायब. ही चौकट म्हणजे टूलटिप आणि तिला हलवणारा कोड म्हणजे हँडलर. एक हँडलर दाखवायला, एक लपवायला. गावामागे दोन झाले.

चला, मोजू या! प्रत्येक हँडलर एका चिठ्ठीवर लिहू. चिठ्ठीची लांबी १५ सेंटिमीटर, कंपासपेटीतल्या पट्टीएवढी. दौंड तालुक्यात गावं शंभराच्या आसपास, म्हणजे चिठ्ठ्या दोनशे. ओळीने मांडल्या तर ३० मीटर. रेल्वेचा एक डबा झाकून वर उरतील. पुणे जिल्ह्यात गावं अठराशेहून जास्त. ओळ गेली ५४० मीटरवर! दौंड जंक्शनात उभी असलेली २४ डब्यांची गाडी साधारण एवढीच लांब. आता अख्खा महाराष्ट्र घ्या. २०११ च्या जनगणनेत गावं ४३ हजार ६०० हून अधिक, चिठ्ठ्या ८७ हजारांवर, लांबी १३ किलोमीटर. वरवंडहून सोलापूरच्या दिशेने अंथरत निघालो तर पाटस मागे पडतं, तरी हातातला गठ्ठा संपत नाही.

आणि भारत? सुमारे ६ लाख ४० हजार गावं. १२ लाख ८० हजार चिठ्ठ्या. लांबी १९२ किलोमीटर. मुंबई ते पुणे लोहमार्गाचं अंतर किती? तेही १९२ किलोमीटर! डेक्कन क्वीन तीन तासांहून जास्त वेळ धावेल आणि रुळांशेजारी चिठ्ठीला चिठ्ठी लागलेली असेल. त्याच चिठ्ठ्या एकावर एक रचा. कागदाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरली तरी थप्पी १२८ मीटर होते. पन्नास फुटी आठ विहिरी एकीखाली एक खणा, थप्पी वर डोकावणारच. चिठ्ठीमागे एक रुपया धरा, झाले १२ लाख ८० हजार रुपये.

एवढा पसारा कशासाठी? माऊसचं टोक तर एका वेळी एकाच गावावर असतं!

मग तोच हँडलर पुन्हा पुन्हा का वापरू नये? कोड एकदाच लिहायचा आणि प्रत्येक ठिपक्याला तोच जोडायचा. मजकूर एकच राहतो, मेमरी वाचते. जोडण्या मात्र अजून १२ लाख ८० हजारच. खरी कमाल पुढच्या पायरीवर आहे. ठिपक्यावर घडलेली घटना, म्हणजे माऊसचं येणं किंवा जाणं, ब्राउझरमध्ये तिथेच थांबत नाही. ठिपक्याकडून नकाशाकडे, नकाशाकडून पानाकडे अशी ती वर चढत जाते. याला बबलिंग म्हणतात आणि त्याचे नियम वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने नोव्हेंबर २००० मध्ये प्रमाण ठरवले. म्हणून हँडलर थेट नकाशालाच जोडायचा. घटना वर येते ती कुठल्या ठिपक्यावर घडली हे सांगतच येते. (यासाठी माऊसओव्हर ही घटना घ्यावी, माऊसएंटर ही घटना वर चढत नाही.) गावाचं नाव ठिपक्यावर आधीच लिहून ठेवलेलं असतं. हँडलर ते वाचतो, चौकट दाखवतो.

किती हँडलर लागले? दोन! १९२ किलोमीटरची ओळ ३० सेंटिमीटरवर आली. रुपये लागले दोन. उद्या नकाशावर नवं गाव आलं तरी तिसरी चिठ्ठी लिहावी लागत नाही.

मग हात आखडता का घ्यायचा? गावं सोडा, घरं घेऊ. २०११ च्या जनगणनेत देशात ३३ कोटींहून अधिक घरं मोजली गेली. एवढे ठिपके काढताना कुठलाही ब्राउझर बसकण मारेल, पण हिशेबाला कोण अडवणार? घरामागे दोन म्हणजे ६६ कोटी चिठ्ठ्या, ९९ हजार किलोमीटर! पृथ्वीच्या विषुववृत्ताला जवळपास अडीच वेढे! आणि नकाशाला जोडलेल्या चिठ्ठ्या? अजूनही दोन. ३० सेंटिमीटर.